तुम्ही विचारलंत म्हणून: थर्मोस्टॅट बदलला आणि कूलंट गळू लागले

“घरीच थर्मोस्टॅट बदलला, सगळे नीट बसवले, तरी आता तिथूनच कूलंट गळते आहे, नवा थर्मोस्टॅट खराब निघाला असेल का, की बोल्ट आणखी आवळून पाहू?” थोड्याफार फरकाने हाच प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुधा तेव्हाही पाना असतो. म्हणून आधी एवढेच सांगतो, की पाना खाली ठेवा. थर्मोस्टॅट ही इंजिनाच्या तापमानाप्रमाणे उघडझाप करणारी झडप आहे. तिच्यातले मेण साधारण 82 ते 92 अंशांच्या दरम्यान वितळू लागते, फुगते आणि झडप ढकलून कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, रेडिएटरची वाट मोकळी करून देते. ही झडप बिघडली तर गाडी जास्त तापेल किंवा तापायलाच वेळ लावेल, परंतु त्या जागेतून कूलंट बाहेर सांडणार नाही. बाहेर सांडते ते ज्या सांध्यातून तुम्ही ती आत बसवली त्या सांध्यातून, आणि सांधा गळण्याचे कारण बोल्ट सैल असणे हे फार थोड्या वेळा असते.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण आवळण्याचा प्रयोग मी स्वतः करून बसलो आहे. पहिल्यांदा हे काम केले तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली ताटलीएवढा हिरवट डाग दिसला. मी दोन्ही बोल्ट पाव-पाव फेरा फिरवले आणि पुढचा डाग वाटीएवढा झाला. हा सुधार पाहून हुरूप आला व संध्याकाळी आणखी पाव फेरा दिला, तेव्हा नख मोडावे तसा बारीक ‘टक्’ असा आवाज झाला. थर्मोस्टॅटवरच्या झाकणाच्या ज्या कानातून बोल्ट जातो त्या कानाला तडा गेला होता. जे काम एका गॅस्केटवर (सांधा बंद राहावा म्हणून मध्ये घालायच्या पातळ पट्टीवर) भागले असते, त्यासाठी आता नवे झाकण शोधणे आले.

तसे का झाले, हे नंतर झाकण हातात घेऊन पाहिल्यावर कळले. बहुतेक झाकणांना दोनच बोल्ट असतात, समोरासमोर. ते आवळत गेले की ओतीव ॲल्युमिनियमचे पातळ कान खाली वाकतात आणि दोन बोल्टांच्या मधला भाग, जिथे दाब सर्वांत जास्त हवा, तोच कमानीसारखा किंचित वर उचलला जातो. म्हणजे सुरुवातीच्या पाव फेऱ्याने गळती कमी होते आणि पुढचा प्रत्येक फेरा ती वाढवण्याची तयारी करत असतो. झाकण प्लॅस्टिकचे असेल तर ते याहून लवकर वाकते. या जागी बहुधा 6 मिलिमीटरचे बोल्ट असतात आणि त्यांना साधारण 8 ते 12 न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो. दहा न्यूटन-मीटर म्हणजे वीतभर, समजा 15 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला जेमतेम सात किलोचा जोर. धडधाकट माणूस त्याच पान्यावर सहज तीस किलोचा जोर लावून जातो आणि आपण फार काही केले असे त्याला वाटतही नाही. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा, लहान टॉर्क रेंच (ठरवलेला पीळ भरला की ‘खट्’ करणारा पाना) वापरावा आणि एक बोल्ट पुरा आवळून मग दुसऱ्याकडे वळण्याऐवजी दोन्ही आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत.

पण आवळण्याच्या आधीची पायरी म्हणजे गळती खरोखर आहे का, हे ठरवणे. झाकण उघडताना सांडलेले कूलंट इंजिनाच्या खाचाखोचांत, बोल्टांच्या खड्ड्यांत आणि वायरींच्या वेटोळ्यांत साचून राहते व एक-दोन दिवस टपकत राहते. कूलंटच्या टाकीतली पातळी उतरणे हाही पुरावा नव्हे, कारण आत अडकलेली हवा पहिल्या दोन-तीन तापण्या-निवण्यांत बाहेर पडते आणि तिची जागा कूलंट घेते. म्हणून गार इंजिनावर, वीजजोडण्या सांभाळून, साध्या पाण्याने ती जागा धुवावी, पूर्ण कोरडी करावी, टाकीवर पातळीची खूण करावी आणि मगच गाडी चालवावी.

गळती शोधताना सर्वांत नडणारी सवय म्हणजे खालून पाहणे. थेंब जिथे पडतो तिथून तो निघालेला नसतो. तो कडेकडेने, एखाद्या नळीच्या पोटावरून उतरत कुठल्या कुठे जाऊन सुटतो. ओली असलेली सर्वांत उंच जागा शोधायची, हाच नियम. झाकणाची मागची बाजू सहसा दिसत नाही, तिथे लहान आरसा आणि विजेरी लागते, आणि शंका असेल तिथे कोऱ्या टिशू कागदाची घडी टेकवून पाहावी. माझ्या गाडीत झाकण वरून कोरडे ठणठणीत होते, पण आरशात त्याच्या खालच्या ओठाशी हिरवी रेघ चमकत होती. ती हळूहळू जाड झाली, तिचा थेंब झाला, थेंब बोल्टच्या डोक्यावर थबकला आणि मग इंजिनाच्या ब्लॉकवरून घसरत दोन विती खाली जाऊन टपकला. खालून पाहणारा कोणीही पाण्याच्या पंपाला दोष देऊन मोकळा झाला असता.

इंजिन चालू असताना जे दिसत नाही ते बंद केल्यावर दिसते, हेही ध्यानात ठेवावे. रेडिएटरच्या टोपीमुळे आतला दाब साधारण 0.9 ते 1.1 बार इतका चढतो आणि त्या दाबाखाली निम्मे ग्लायकॉल, निम्मे पाणी असे कूलंटचे मिश्रण 125 ते 130 अंशांपर्यंत उकळत नाही. गाडी उभी केल्यावर पंप थांबतो, धातूतली उष्णता मात्र पाण्यात उतरत राहते, त्यामुळे पुढची काही मिनिटे तापमान व दाब उलट वाढू शकतात आणि केसाएवढी फटही बोलू लागते. त्यात ग्लायकॉलच्या मिश्रणाचा पृष्ठताण शुद्ध पाण्याहून कमी, म्हणून जिथून पाणी झिरपणार नाही तिथूनही ते वाट काढते. याच काळात ‘जरा पातळी पाहू’ म्हणून टोपी फिरवणाऱ्याचा हात भाजतो. टोपी फक्त गार इंजिनावर उघडायची. या एका बाबतीत मी कोणाचेही ऐकून घेत नाही. दाब तपासण्याचा हातपंप मिळाला तर सगळे काम गार असतानाच होते: तो टोपीच्या जागी लावावा, टोपीवर छापलेल्या आकड्यापर्यंतच दाब चढवावा आणि दहा-पंधरा मिनिटे काटा व सांधा दोन्ही पाहत राहावे.

गळती झाकणाच्या सांध्यातूनच आहे हे ठरले, की उघडण्यावाचून गत्यंतर नाही. बाहेरून सिलिकॉन (नळीतून येणारा, वाळून रबरासारखा होणारा लेप) चोपडणे म्हणजे गळक्या छताला आतून रंग देणे. कूलंट सांध्याच्या खाली जाईल इतके स्वच्छ भांड्यात काढून घ्यावे, झाकण उतरवावे आणि मग घाई न करता दोन्ही पृष्ठभाग वाचावेत. वाचावेत हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझ्या झाकणाखाली, बोल्टच्या भोकालगत, जुन्या कागदी गॅस्केटचा नखाच्या चंद्रकोरीएवढा तुकडा चिकटून राहिला होता. रंगाने तो धातूसारखाच करडा झाला होता आणि बोटाने चाचपल्यावरच त्याची कड लागली. तेवढ्या एका खपलीने नवे गॅस्केट एका बाजूने उचलून धरले होते. असे अवशेष प्लॅस्टिकच्या किंवा पितळेच्या खरवडणीने काढावेत, कारण ॲल्युमिनियम मऊ असते आणि ब्लेडचा एक आडवा ओरखडा म्हणजे गळतीला स्वतःच पाडून दिलेला पाट. खरवडताना उघड्या तोंडात कापडाचा बोळा कोंबावा आणि बसवण्यापूर्वी तो आठवणीने काढावा.

झाकण सपाट आहे की नाही, हे नजरेला कळत नाही. जाड काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर पसरावा, झाकणाचा तळ त्यावर हलक्या हाताने चार-पाच वेळा गोल फिरवावा आणि उलटून पाहावे. जिथे नवी चकाकी आली तो भाग उंच, जिथे जुना काळसर डाग तसाच राहिला तो खोल. थोडा फरक असेल तर असेच घासत सगळीकडे सारखी चकाकी आणता येते. कूलंटने कुरतडून खोल खड्डे पाडले असतील तर नवे झाकण आणावे. प्लॅस्टिकच्या झाकणाला हा उपचार नाही, ते वाकले की बदलायचे.

यानंतर येते ती चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटची कड बसण्यासाठी एक उथळ खाच कोरलेली असते. झाकण लावण्याच्या खटपटीत थर्मोस्टॅट त्या खाचेतून अर्धा मिलिमीटर सरकतो, त्याची कड दोन पृष्ठभागांच्या मध्ये पाचरीसारखी अडकते, आणि मग कितीही आवळले तरी सांधा मिटत नाही. मिटवण्याचा हट्ट धरला तर कान तुटतो. म्हणून बोल्ट केवळ बोटांनी फिरवून झाकण आधी टेकवावे आणि चहूबाजूंनी ते सारखे बसले का ते पाहावे. एका बाजूला फट दिसली तर बोल्टने ती मिटवू नये, झाकण काढून थर्मोस्टॅट पुन्हा बसवावा. स्प्रिंगची बाजू बहुतेक ठिकाणी इंजिनाकडे असते, आणि कडेवर हवा जाण्यासाठी लहान भोक किंवा हलती पिन असेल तर ती सहसा वर ठेवायची असते. तरी जुना काढतानाच त्याचा फोटो घेऊन ठेवावा, म्हणजे वाद उरत नाही.

सिलिकॉनविषयी माझे मत थोडे कडक आहे. थर्मोस्टॅटच्या कडेवर चढवायची रबरी रिंग असेल तर सिलिकॉन अजिबात नको, कारण रिंग त्यावर घसरते आणि बाहेर डोकावते. तिला कूलंटचे एक बोट पुरते. कागदी गॅस्केटला पुस्तिका परवानगी देत असेल तर दोन्ही बाजूंना पातळ थर पुरे. बाहेर जेवढे ओघळलेले दिसते तेवढेच आतही ओघळलेले असते, आणि तो आतला दोर सुटून पुढे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. शिवाय ते पूर्ण वाळायला अनेकदा चोवीस तास लागतात. सिलिकॉनच्या नळीवर लिहिलेली वेळ पाळायची.

होज पाइपची तक्रार वेगळी ओळखता येते. ती बहुधा गार सकाळी गळते आणि इंजिन तापल्यावर थांबते, कारण थंडीत रबर आक्रसते. पाइप ज्या नळकांड्यावर चढतो तिथली पांढरी खपली साफ करावी, पाइपाचे टोक कडक झाले असेल तर बदलावा, आणि क्लिप नळकांड्याच्या उंचवट्याच्या आत, जुन्या वळाच्या जागीच बसवावी.

भरताना कूलंट पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच घ्यावे, रंगावर जाऊ नये; तीव्र द्रावण असेल तर शुद्ध पाण्यात मिसळावे. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो उघडून सावकाश भरावे. सांडलेले लगेच पुसावे: ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-मांजरे ते चाटतात.

मग पुन्हा आवळायचे का, असे तुम्ही विचारालच. कागदी गॅस्केट असेल, तर इंजिन एकदा तापून पूर्ण निवल्यावर टॉर्क रेंच त्याच आकड्यावर ठेवून एकदा तपासावे. रबरी रिंग असेल तर तेही नको. माझ्या दुसऱ्या खेपेला रेंचने लगेच ‘खट्’ केले, बोल्ट जागचा हललाही नाही, आणि टाकीवर मारलेल्या पेन्सिलीच्या खुणेला पातळी आठवडाभर तशीच टेकून राहिली.