क्रिएटिनिन उतरलं, पण आनंद कशाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न असा: डायलिसिस लागू नये म्हणून इतके दिवस डाळ, अंडी, दूध मोजूनमापून खाल्लं, आता डायलिसिस सुरू झालंय, तर तेच पथ्य पुढे चालू ठेवायचं ना?

नाही. आधी प्रथिनं कमी केली ती युरिया कमी तयार व्हावा आणि उरल्यासुरल्या किडनीवरचा भार हलका व्हावा म्हणून. तेव्हा किलोमागे दिवसाला ०.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं चालतात. डायलिसिसवर १ ते १.२ ग्रॅम लागतात. हिमोडायलिसिसच्या, म्हणजे मशीनवर रक्त गाळण्याच्या, एका बैठकीत साधारण ६ ते ८ ग्रॅम अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) डायलायझरमधून, म्हणजे त्या गाळणीतून, वाहून जातात; पोटाच्या डायलिसिसमध्ये रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिनं जातात, आणि पोटात जंतुसंसर्ग झाला तर त्याहून जास्त. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम हवीत आणि जुन्या पथ्यावर तो ३६ वर अडलेला असतो. शिवाय रोज १५०० ते २१०० कॅलरी पोटात गेल्या नाहीत, तर खाल्लेली प्रथिनंही इंधन म्हणून जळून जातात.

घरच्यांची सगळ्यात जास्त फसगत रिपोर्टमुळे होते. डायलिसिसच्या आधी काढलेल्या रक्तात क्रिएटिनिन आणि युरिया ही टाकाऊ द्रव्यं आणि फॉस्फरस हळूहळू उतरले की सगळे खूश. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि युरिया खाल्लेल्या प्रथिनांतून. डायलिसिस तेवढंच असताना दोन्ही घसरत असतील, तर बहुधा माणूस खात नाहीये आणि झिजतोय. १९९० साली अमेरिकेतल्या बारा हजारांहून अधिक हिमोडायलिसिस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, कमी असणाऱ्यांना मृत्यूचा धोका ठळकपणे जास्त होता, आणि क्रिएटिनिन कमी असणाऱ्यांनाही. एरवी बारीक असणं चांगलं मानतात. इथे थोडं भरलेलं अंग असणारे जास्त जगताना दिसतात.

अल्ब्युमिन ३.८ च्या खाली गेलं की लक्ष द्यायचं, पण लगेच प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणायचा नाही. अल्ब्युमिन दाह असला तरी पडतं आणि अंगात पाणी साठलं तरी पातळ होतं. कॅथेटरचा संसर्ग, किडका दात, पायाची न भरणारी जखम हे आधी तपासायचं. अशा वेळी नुसत्या खाण्याने हा आकडा वर येत नाही, मग रुग्णालाच ‘नीट खात नाही’ म्हणून बोलणी बसतात. रक्तातलं बायकार्बोनेट २२ च्या खाली राहिलं, म्हणजे रक्तात आम्ल साठलं, तरी स्नायू तुटतात. अन्नाची शिसारी येत असेल, तर डायलिसिस अपुरं पडतंय का, म्हणजे हिमोडायलिसिसच्या एका बैठकीत रक्त किती साफ झालं ते सांगणारा केटी बाय व्ही हा आकडा निदान १.२ तरी भरतोय का, हे विचारून घ्यावं. मधुमेहात कधी कधी जठरच संथ चालतं. तिथे तीन मोठ्या जेवणांपेक्षा सहा छोटी बरी.

प्रथिनं वाढवली की फॉस्फरस वाढेल, ही भीती खरी आहे. मात्र पाकीटबंद पदार्थांत घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा शोषला जातो, डाळींतला त्या मानाने बराच कमी. अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस नावापुरता. फॉस्फरस बांधणारी गोळी घासाबरोबरच घ्यायची. जेवणानंतर तासाभराने घेतली तर वाया. मीठ, पाणी आणि पोटॅशियमची बंधनं मात्र ज्याची त्याला सांगितलेली तशीच राहतात.

काट्यावरचं वजन स्थिर आहे, हा पुरावा धरू नका. मांस झिजतं, त्या जागी पाणी भरतं, आकडा तोच. डायलिसिसनंतरही रक्तदाब चढलेला, घोट्यावर सूज, आडवं झालं की दम, आणि दंड मात्र सैल, असं दिसलं की ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर उरायला हवं असं ठरवलेलं वजन, खाली आणायला हवं. तीन महिन्यांत खरं वजन ५ टक्के उतरलं, तर आहारतज्ज्ञाची वेळ घ्या. मोठ्या आजारपणातून घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच ड्राय वेट नव्याने ठरवून घ्या. जुन्या आकड्यावर मशीन लावलं, तर मांस गेलं तेवढं पाणी अंगातच ठेवून माणूस घरी जातो.