अन्नावर वासना नाही, म्हणजे नेमकं काय?

केसपेपरवर ‘ॲनोरेक्सिया’ दिसलं की घरचे धास्तावतात. बारीक होण्याच्या ध्यासापायी उपाशी राहणाऱ्या मुलींच्या बातम्यांमधून तो शब्द कानावर आलेला असतो ना! डॉक्टरांनी मात्र बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: भूक लागत नाही. हे लक्षण झालं, आजार अजून शोधायचाय.

शब्द ग्रीक. ‘अन्’ म्हणजे अभाव, ‘ओरेक्सिस’ म्हणजे इच्छा, ओढ. त्यामागच्या क्रियापदाचा अर्थ हात लांबवणं (आपला ‘ऋजु’ याच मुळाशी जोडतात). थोडक्यात, ताटाकडे हातच जात नाही. ‘अन्नावरची वासना उडाली’ हे आपल्या आजीचं बोलणं त्याच्या अगदी जवळचं.

घोळ सुरू झाला १८७३ मध्ये. पॅरिसमध्ये लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल या दोन डॉक्टरांनी एकाच वर्षी, स्वतः होऊन उपाशी राहणाऱ्या तरुणींचं वर्णन केलं. गलचं ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव टिकलं, आणि आमच्या मते ते फसलेलं नाव आहे. त्या आजारात निदान सुरुवातीला तरी भूक बऱ्याचदा शाबूत असते. वजन वाढण्याच्या धास्तीने ती दाबली जाते.

‘जेवण जात नाही’ या तक्रारीत आधी निवड करावी लागते. भूक लागते पण दोन घासांत पोट भरतं? मग जठर, प्लीहा, जुना मधुमेह तपासायचा. खाल्लं की दुखतं म्हणून टाळतात? अल्सर असू शकतो. कवळी टोचते? दातांचे डॉक्टर. अन्न समोर आलं तरी इच्छाच होत नाही, तो खरा ॲनोरेक्सिया. विषाणूजन्य काविळीत डोळे पिवळे होण्याच्या काही दिवस आधीच अन्नाचा तिटकारा येतो. सिगारेट ओढणाऱ्याला सिगारेटही नकोशी होते. टीबी, किडनीचे विकार, कॅन्सर, नैराश्य हीही कारणं. सहा ते बारा महिन्यांत प्रयत्न न करता ५ टक्के वजन उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर तपासण्या लांबवू नयेत.

औषधांच्या पिशवीकडे मात्र फार उशिरा लक्ष जातं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने भूक मंदावते, जंतुसंसर्गावरच्या मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूची चव येते. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्या वयस्कांची किडनी मंदावली की औषध रक्तात साचतं आणि बऱ्याचदा पहिल्यांदा जेवणच सुटतं. अशा वेळी डिगॉक्सिनची पातळी, पोटॅशियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघायचं असतं. घरचे आणतात भुकेचं सिरप. त्यात बहुधा सायप्रोहेप्टाडीन असतं, मुळात ॲलर्जीचं औषध. त्याने झोप येते, वयस्कांचा गोंधळ उडू शकतो, आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी तुंबू शकते.