आमची वाटचाल : दहा ग्रॅमची पुडी

आमच्या दुकानात पाइपच्या तंबाखूचे नवे मिश्रण पहिल्यांदाच घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही भरलेला डबा देत नाही. आधी दहा ग्रॅमची पुडी देतो आणि ती तीन-चार वेगवेगळ्या दिवशी ओढून पाहून मगच सांगावे, अशी विनंती करतो. ही रीत आजोबांनी घातली आणि वडिलांनी ती निष्ठेने पाळली. माझ्या हातून मात्र ती एकदा मोडली, आणि तिचे मोल मला त्यानंतरच कळले.

आजोबांच्या वेळी माल मोजकाच असे : भट्टीच्या उष्ण हवेत वाळवलेली व्हर्जिनिया, सावलीत वाऱ्यावर वाळवलेली बर्ली आणि उन्हात वाळवलेली लहान पानांची ओरिएंटल. व्हर्जिनियाच्या पानात मुळातच साखर भरपूर असते, बर्लीत ती जवळजवळ नसते. त्यामुळे बर्ली मिश्रणाला भरीवपणा देते आणि वरून दिलेला स्वाद चटकन शोषून घेते, तर व्हर्जिनिया गोडवा आणते, पण घाईघाईने झुरके घेतले तर जीभ पोळते. वडिलांनी त्यात लुइझियानाची पेरिक आणली. हे पान पिंपात दाबाखाली, स्वतःच्याच रसात वर्षभराच्या आसपास मुरवतात. तिला मिरीसारखा तिखटपणा आणि सुकवलेल्या फळांसारखा आंबूस वास असतो. शंभर ग्रॅममध्ये ती पाच ते दहा ग्रॅम घातली तरी पुरते, असे वडिलांचे मत होते, आणि त्यांच्या वहीतील बहुतेक प्रमाणे त्याच मर्यादेत आहेत.

माझी चूक याच पेरिकच्या बाबतीत झाली. दुकानाचा कारभार माझ्याकडे नुकताच आला होता आणि काहीतरी नवे करून दाखवण्याची मला घाई होती. व्हर्जिनिया आणि पेरिकचे एक मिश्रण मी सकाळी कालवले आणि दुसऱ्याच दिवशी, पुडीचा टप्पा वगळून, डब्यांत भरून विकले. आठवड्याभरात तीन जुनी गिऱ्हाइके तक्रार घेऊन आली. व्हर्जिनिया एकीकडे, पेरिक दुसरीकडे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खरेच होते. मी पैसे परत केले. उरलेला माल बरणीत तसाच राहिला. दोन महिन्यांनी झाकण उघडले तेव्हा आधी मनुकांसारखा गोडसर वास आला आणि मिरीचा तिखटपणा त्याच्या मागून, सावकाश जाणवला. प्रमाणात मी गुंजभरही फरक केलेला नव्हता. तेव्हापासून कोणतेही मिश्रण सहा आठवडे मुरल्याशिवाय त्याची पुडीदेखील बांधली जात नाही.

दुसरा कठीण प्रसंग लाटाकियाचा. ओरिएंटल जातीचे पान सुगंधी लाकडांच्या आणि झुडपांच्या धुरीवर काळे होईपर्यंत धुरावतात, ती लाटाकिया. आजोबांचे सर्वांत जुने मिश्रण सीरियाच्या लाटाकियावर उभे होते. तो माल आधी दुर्मीळ झाला आणि पुढे मिळेनासाच झाला. सायप्रसची लाटाकिया उत्तम असते, परंतु तिचा धूर अधिक गोडसर आणि चामड्याच्या वासाकडे झुकणारा आहे. जुन्याच नावाने नवे पान विकावे, फारसे कोणाच्या लक्षात येणार नाही, असा सल्ला मला अनेकांनी दिला. मला ते पटले नाही. जुने नाव मी यादीतून काढले, नव्या मिश्रणाला नवे नाव दिले आणि प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला शिल्लक राहिलेल्या जुन्या मिश्रणाची चिमूट व नव्याची पुडी शेजारी शेजारी ठेवून दिली. काहींना नवे आवडले नाही आणि ते पुन्हा आले नाहीत, याची खंत आहे. पण त्यांना फसवल्याची खंत नाही.

पुडीसोबत काही सूचना आम्ही तोंडीच देतो. तंबाखू बोटांत दाबून सोडल्यावर तिचा गोळा राहिला तर ती ओली समजावी आणि कागदावर अर्धा तास पसरून ठेवावी. लाटाकिया ज्या पाइपमध्ये ओढली जाते, त्यात तिचा वास कित्येक दिवस घर करून राहतो. म्हणून चाचणीसाठी मातीचा पाइप उत्तम, कारण तो स्वतःची चव मिसळत नाही. पहिल्या दिवसाच्या मतावर आम्ही काहीच ठरवत नाही. त्या दिवशी काय खाल्ले होते, पाइप किती घट्ट भरला होता, यानेही चव पालटते.

आणखी एक गोष्ट आम्ही कटाक्षाने पाळतो. तंबाखू शरीराला अपायकारक आहे आणि तिची सवय जडते. म्हणून जी व्यक्ती तंबाखू ओढत नाही, तिला केवळ कुतूहलापोटी पुडी दिली जात नाही, आणि अल्पवयीनांना तर दुकानात काहीच मिळत नाही.

सध्या बर्ली आणि व्हर्जिनिया एकत्र दाबून केलेल्या वडीवर काम चालू आहे. पहिल्या खेपेत बर्ली अधिक झाली आणि धूर कोरडा लागला. दुसऱ्या खेपेत तिचे प्रमाण चाळीसवरून तीस टक्क्यांवर आणले आहे. ती बरणी मागच्या फळीवर आहे, आणि आणखी पाच आठवडे उघडायची नाही, असे झाकणावर चिठ्ठी लावून लिहून ठेवले आहे.