वाघाची शेपटी

प्रदर्शनासाठी रंगवायला फायबरचा वाघ घरी आला तेव्हा आई म्हणाली, "तान्हा पोळ्याला लाकडी नंदी रंगवायचास, आता हे?" प्रदर्शनानंतर लिलाव, पैसे मुलांच्या उपचारांना. झ्युरिकमध्ये १९९८ साली रस्तोरस्ती अशाच रंगवलेल्या गायी उभ्या होत्या. आपल्याकडे वाघच, नागपूर ना!

पॉलिश पेपरने घासून प्रायमर मारला. पट्ट्यांऐवजी संत्र्याच्या फांद्या काढल्या. मे महिना; कूलर लावूनही अ‍ॅक्रिलिक ब्रशवरच वाळायचं. पाण्याचा फवारा मारत मारत एका पंजाला दोन रात्री गेल्या. घाईत मारलेलं वार्निश मात्र शेपटीवर ओघळलं. खरवडलं, पुन्हा रंगवलं, तरी तो थेंब दिसतोच.

टेम्पोवाल्याने वाघाला गादीत गुंडाळलं न् विचारलं, "भाऊ, हा चावत तं नाही ना?"