नववी बोट गेली, आणि वहीत काय सापडलं

शनिवारी रात्री पावणेदोनला माझी नववी बोट गेली. सायलेंट हंटर थ्री, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी चालवायचा कॉम्प्युटर गेम; बोट टाइप सेव्हन-सी जातीची, गेममधला एप्रिल १९४१, आयर्लंडच्या पश्चिमेला. मी डेड इज डेड खेळतो, म्हणजे बोट गेली की कॅप्टनही गेला, जुनी सेव्ह उघडायची नाही, पुन्हा पहिल्या पेट्रोलपासून, म्हणजे गस्तीच्या पहिल्या फेरीपासून सुरुवात. ही बोट पाच पेट्रोल टिकली होती, त्यामुळे जीवाला लागलं.

कशी गेली ते नीट लिहितो कारण यातच सगळं आहे. रात्रीचा कॉन्व्हॉय, म्हणजे राखणीखाली चाललेला मालवाहू जहाजांचा ताफा, मी डावीकडून आत शिरलो, पेरिस्कोपवर दोन मालवाहू जहाजं एकामागे एक, चार टॉर्पेडो सोडले, तीन लागले. पहिलं जहाज दोन मिनिटांत मोडलं. दुसरं कलायला लागलं आणि ते जातंय का नाही ते बघायला मी पेरिस्कोप वरच ठेवला. घड्याळात पाहिलं नव्हतं पण रीप्ले डोक्यात चालवला तर पाऊण मिनिट तरी नक्की. त्या पाऊण मिनिटात एस्कॉर्ट, म्हणजे ताफ्याची राखण करणारा डिस्ट्रॉयर, वळला. आणि मला कळलं नाही, कारण चेंबूरला पाऊस असा कोसळत होता की खिडकीवरचा पत्रा ताडताड वाजत होता आणि हेडफोन लावूनही हायड्रोफोनवरचा (पाण्याखालचे आवाज ऐकायचं यंत्र) प्रोपेलरचा आवाज त्यात मिसळून गेला. ऐकू आला तेव्हा तो जवळ होता, आणि आवाजाची लय वाढत होती.

त्याने डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकले, पहिल्या फेरीतच मागच्या कंपार्टमेंटमधे पाणी शिरलं. आता इथे जी अडचण होते ती खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे: सायलेंट रनिंग, म्हणजे आवाज न करता चालणं, चालू ठेवलं तर दुरुस्ती थांबते, बंद केलं तर वरचा डिस्ट्रॉयर ऐकतो. दोन नॉटच्या वेगावर बोट जड होऊन खाली जाते, चार नॉटवर खोली धरते पण मग तो बरोब्बर डोक्यावर येतो. मी सायलेंट ठेवलं आणि खाली गेलो, कारण खोल म्हणजे सुरक्षित असं डोक्यात बसलेलं. १७० मीटर, १९०, २०५. सांगाडा कण्हायला लागतो ना, तो आवाज. २२० ला सायलेंट काढलं, माणसं दुरुस्तीला लावली, फुल स्पीड दिला, खोलीचा काटा थांबलाच नाही. २३८ ला संपलं.

रविवारी सकाळी बिल्डिंगमधले काका भेटले. ते माझगाव डॉकला होते, आपल्या नौदलाच्या शालकी आणि शंकुल या पाणबुड्या तिथे बांधल्या त्या काळात. त्या बोटी जर्मन डिझाइनच्या, त्याच वर्गातल्या पहिल्या दोन तर जर्मनीत कीललाच बांधून आल्या होत्या, म्हणून मी काकांशी या विषयावर बोलतो तेव्हा मला नेहमी वाटतं की हे एकाच घराण्यातलं बोलणं आहे. हार्बरने ऑफिसला जाताना डॉकयार्ड रोड आलं की मी अजूनही दाराशी जाऊन उभा राहतो. काकांना रात्रीचं सगळं सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "अरे, पाणी आत यायला लागल्यावर खाली कशाला गेलास?"

म्हटलं, "काका, वर डिस्ट्रॉयर होता."

"तो तुला शोधेल न शोधेल. पाणी तर आत येतंच आहे ना."

मग त्यांनी समजावलं ते घरी येऊन मी मांडून बघितलं. दर दहा मीटरला दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरने वाढतो हे आपल्याला पाठ असतं, पण भोकातून पाणी किती येतं त्याचा विचार आपण करत नाही. खोली चौपट झाली की त्याच भोकातून पाणी दुप्पट येतं. रुपयाच्या नाण्याएवढं भोक धरा, २०० मीटरला त्यातून मिनिटाला साधारण पाऊण टन पाणी आत येईल, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी सव्वा मिनिटात भरेल. शिवाय पंपाला तेच पाणी त्याच दाबाविरुद्ध बाहेर ढकलायचं असतं. म्हणजे मी जितका खाली पळालो तितकं भोक मोठं केल्यासारखंच झालं. गेमचं गणित आतून कसं आहे ते सोडा, निर्णय म्हणून तो चुकीचाच होता.

त्यानंतर वही काढली. मी प्रत्येक गेलेल्या बोटीची नोंद ठेवतो, तारीख, जागा, खोली, वेग, शेवटचा हुकूम. सायलेंट हंटर थ्री आणि त्याचा पुढचा भाग फोर मिळून नऊ बोटी, आणि ओळीने वाचल्यावर अंगावर काटा आला.

दोन विमानाने गेल्या, दोन्ही बिस्केच्या उपसागरात, दोन्ही टाइम कॉम्प्रेशनवर, म्हणजे गेममधला वेळ कित्येक पटीने पळवताना. १०२४ पटीवर तुमचा एक सेकंद म्हणजे समुद्रावरची सतरा मिनिटं. विमान दिसल्यावर गेम वेग खाली आणतो पण तोवर ते डोक्यावर असतं आणि सेव्हन-सीला क्रॅश डाइव्हला, म्हणजे तातडीच्या बुडीला, अर्धा मिनिट लागतो. खऱ्या लोकांनाही हेच झालं. जून १९४२ पासून ब्रिटिश विमानं रात्री रडारने जवळ येऊन ऐनवेळी ली लाइट या विमानावरच्या प्रखर दिव्याचा झोत टाकायला लागली, आणि मे १९४३ या एका महिन्यात चाळीसच्या वर यू-बोटी, म्हणजे जर्मन पाणबुड्या, बुडाल्या. बिस्केत आता मी ३२ पटीच्या वर जात नाही, कंटाळा आला तर चहा करून आणतो.

एक उथळ पाण्यात गेली. १९३९, टाइप टू जातीची छोटी बोट, इंग्लंडचा पूर्व किनारा, खाली तीस मीटर. जर्मन कॅप्टन प्रीनने ऑक्टोबर १९३९ मधे ब्रिटिश नौदलाच्या स्कापा फ्लो या तळात शिरून रॉयल ओक ही युद्धनौका बुडवली हे वाचलं की प्रत्येकाला बंदरात शिरावंसं वाटतं, मलाही वाटलं. एक डेक गनच्या (बोटीवरच्या तोफेच्या) नादात गेली, व्यापारी जहाजावरही तोफ होती, प्रेशर हलला, म्हणजे पाण्याचा दाब पेलणाऱ्या आतल्या कवचाला, एक भोक पडलं की बुडी मारता येत नाही आणि मग वर उभं राहून मार खायचा.

एक फोरमधे, पॅसिफिकमधे, स्वतःच्याच टॉर्पेडोने. गोल फिरून परत आला. मला तेव्हा हा अन्याय वाटला होता, मग यूएसएस टँग या अमेरिकन पाणबुडीबद्दल वाचलं. ऑक्टोबर १९४४, फॉर्मोसाची (आताच्या तैवानची) सामुद्रधुनी, त्यांचा चोविसावा म्हणजे शेवटचा टॉर्पेडो वळून परत आला आणि बोटीच्या मागच्या भागावर लागला. ८७ जणांपैकी नऊ वाचले, कॅप्टन ओकेन त्यात होता. ते वाचल्यापासून फोरमधे सोडलेला टॉर्पेडो सरळ जातोय याची खात्री होईपर्यंत मी बोट हलती ठेवतो.

आणि उरलेल्या चार. चारही टॉर्पेडो लागल्यानंतर. आधी नाही, सोडताना नाही, चुकल्यावर तर एकदाही नाही. लागल्यावर, पुढच्या दहा मिनिटांत. एकदा बघत बसलो, एकदा बुडणाऱ्या जहाजाला अजून एक टॉर्पेडो द्यायला वळलो, एकदा ट्यूबमधे नवे टॉर्पेडो भरून होईपर्यंत तिथेच थांबलो, आणि या वेळी परत बघत बसलो. मला इतके दिवस वाटायचं की माझं टार्गेटिंग कच्चं आहे, महिनाभर कोन आणि वेगाचा सराव केला मी, आणि बोटी जात होत्या दुसरीकडेच.

जर्मन कॅप्टन लेंपची यू-११० ही पाणबुडी आठवा. ९ मे १९४१, जहाजं लागली, पेरिस्कोप जास्त वेळ वर राहिला, ऑब्रिशिया या कॉर्व्हेटने (राखणीच्या छोट्या युद्धनौकेने) जागा हेरली, डेप्थ चार्जने बोट वर आणली आणि ब्रिटिशांना एनिग्मा हे जर्मनांचं गुप्त संदेशांचं यंत्र आणि कागदपत्रं हाती लागली. मी ही गोष्ट कितीतरी वेळा वाचली होती, एनिग्मासाठी वाचली होती. पेरिस्कोपचं वाक्य डोळ्यांखालून निघून गेलं.

म्हणून दहाव्या बोटीला पद्धत बदलली आहे. शेवटचा टॉर्पेडो सुटला की पेरिस्कोप खाली, लगेच, लागायच्या आधीच. कॉन्व्हॉयच्या दिशेला काटकोनात वळायचं आणि १२० मीटर. स्टॉपवॉच चालू ठेवायचं, धडाका वेळेवर ऐकू आला तर लागला, नाही आला तर चुकला, डोळ्याने बघायचं नाही. डिस्ट्रॉयर वर आला की अगदी जवळ त्याच्या अॅसडिकला (ध्वनीने पाणबुडी शोधायचं यंत्र) आपण सापडत नाही, आणि स्फोटांनी पाणी घुसळलेलं असतं तोवर त्याला ऐकूही येत नाही, तेवढाच वेळ फुल स्पीड आणि दिशा बदल, मग परत दोन नॉट. पाणी शिरलं तर दुरुस्ती आधी, आणि खाली अजिबात नाही. पुढे हेजहॉग हे शस्त्र येईल तेव्हा यातलं बरंच बदलावं लागणार, कारण ते चोवीस बॉम्ब पुढे फेकतं आणि ते लागल्याशिवाय फुटतच नाहीत, म्हणजे घुसळलेल्या पाण्याचा आडोसा गेला. त्याचं वेगळं पान काढलंय वहीत.

सध्या दोन पेट्रोल झाली, चार जहाजं, एकही बुडताना पाहिलं नाही. हे मला खरंच जड जातंय, धडाका ऐकला की हात आपोआप पेरिस्कोपच्या बटणावर जातो. कीबोर्डच्या त्या बटणावर कागदाचा तुकडा चिकटवलाय. आज रात्री फ्रान्सच्या सेंट नझेअर बंदरातून तिसऱ्यांदा निघतोय, पाऊस कमी आहे, पत्र्यावर जुनी चादर घडी करून टाकली आहे म्हणजे हायड्रोफोन नीट ऐकू येईल.