महापुराचं रजिस्टर

परवा आमच्या कॉलेजात नॅकवर, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून त्यांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेवर, एक दिवसाची कार्यशाळा झाली, विषय होता उच्च शिक्षणातल्या मूल्यांकनाचे बदलते निकष. आमचं कॉलेज सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी आहे, मी भूगोल शिकवते आणि चार वर्षं आयक्यूएसीची, म्हणजे कॉलेजातल्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाची, समन्वयक आहे, त्यामुळे निमंत्रणपत्रापासून जेवणापर्यंत सगळं माझ्याकडेच होतं. आजूबाजूच्या कॉलेजांतून साठेक जण आले होते.

सकाळी व्याख्याते सरांनी फार नीट समजावलं. ते निवृत्त प्राचार्य, पीअर टीममधून, म्हणजे नॅकतर्फे कॉलेज तपासायला जाणाऱ्या पथकातून, बरीच कॉलेजं बघून आलेले. १९९४ ला नॅक सुरू झाली तिथपासून त्यांनी धरलं, मग २०१७ ची चौकट, ज्यात साधारण ७० टक्के गुण आपण भरलेल्या आकड्यांवर ठरायला लागले, आणि आता इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीने सुचवलेली पद्धत. म्हणजे ए प्लस प्लस, बी प्लस अशी श्रेणी जाऊन आधी फक्त मानांकित आहे की नाही, मधे एक 'प्रतीक्षेत', आणि ज्यांना पुढं जायचंय त्यांच्यासाठी लेव्हल १ ते ५. टीमच्या भेटीपेक्षा एकाच ठिकाणी भरलेल्या डेटावर आणि विद्यार्थी-पालक-माजी विद्यार्थी यांच्याकडून होणाऱ्या पडताळणीवर भर. हॉलमधे कुजबुज सुरू झाली, कारण इतकी वर्षं ज्या श्रेणीचा फ्लेक्स गेटवर लावायचा तीच जाणार म्हटल्यावर माणूस गडबडणारच. मला स्वतःला हा बदल पटतो. ए आणि बी प्लस प्लसमधल्या पॉइंट एक-दोनच्या फरकासाठी आम्ही शिकवायचं सोडून फायली केल्यात, ते मी जवळून बघितलंय.

जेवणाआधी आमच्या कॉलेजचा अनुभव मला सांगायचा होता. मी डीव्हीव्हीबद्दल बोलले. डीव्हीव्ही म्हणजे आपण एसएसआरमधे, म्हणजे नॅकला पाठवायच्या स्वयंअध्ययन अहवालात, जे भरलंय ते बाहेरून तपासून पुरावा मागतात तो टप्पा. २०२३ ला आम्ही तिसऱ्या निकषात, विस्तारकार्यात, म्हणजे कॉलेजबाहेर समाजासाठी केलेल्या कामात, २०१९ च्या महापुराचं मदतकार्य दाखवलं होतं. त्या ऑगस्टमधे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५, आणि आमचं कॉलेज उंचावर म्हणून आख्खा गाव अकरा दिवस आमच्या वर्गांत राहिला. एनएसएसची पोरं रात्रंदिवस राबली. पण डीव्हीव्हीने मागितले तारीख आणि अक्षांश-रेखांश असलेले फोटो, सहभागी विद्यार्थ्यांची यादी, अहवाल. आमच्याकडे निघाले चार फोटो, तेही व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, धूसर. त्या पुरात मोबाईल चार्ज करायला लाईट नव्हती तिथं जीपीएस मॅप कॅमेरा कोण उघडणार? तो उपक्रम धरला गेला नाही. हे सांगताना माझा आवाज जरा चढला, कारण मला ते अजून लागतं.

आमचे शिपाई, सगळे त्यांना मामाच म्हणतात, मागं चहाचे कप गोळा करत होते. जेवण झाल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "म्याडम, यादी पायजे हुती व्हय? आवो मग मला इचारायचं की." आणि स्टोअरमधून जुन्या प्रयोगवह्यांच्या गठ्ठ्याखालनं एक रजिस्टर घेऊन आले. निळ्या पुठ्ठ्याचं, कडा ओलीनं फुगलेल्या, वरच्या कोपऱ्यात गाळाचा वाळलेला डाग. आत पट्टीने आखलेले रकाने, तारीख, कुठल्या वर्गात किती माणसं, तांदूळ किती आला, भाकरी किती, वाढायला कोण. ९ ऑगस्टच्या पानावर २१२ माणसं, ६४० भाकरी, सायकल स्टँडमधे १४ म्हशी, आणि खाली पेन्सिलीने 'एक बाळंतीण, प्राचार्यांची केबिन'. वाढायला असलेल्या पोरा-पोरींची नावं वर्गासकट. मी विचारलं हे लिहायला कुणी सांगितलं, तर म्हणाले, "कुनी न्हाई. लोकांनी धान्य दिल्यालं, उद्या कोन म्हनलं तांदूळ कुठं गेला तर दावायला नको?"

मी तेव्हा सांगलीत विश्रामबागला अडकले होते, रस्ते बंद, त्यामुळे मला हे माहीतच नाही. पण माहिती काढायला मी २०२३ ला विभागप्रमुखांना मेल पाठवले, ऑफिसात विचारलं, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं, आणि ज्या माणसाकडं स्टोअरची किल्ली आहे त्यांना मात्र विचारलं नाही. ही चूक माझी आहे. आयक्यूएसीच्या रचनेत शिक्षक, संस्थेचे प्रतिनिधी, प्रशासनातले वरिष्ठ, गावातलं कुणीतरी, विद्यार्थी, माजी विद्यार्थी सगळे असतात, पण कॉलेजात रोज काय घडतं हे सगळ्यात जास्त बघणारा शिपाई कुठल्याच बैठकीला नसतो.

व्याख्याते सरांनी दुपारचं सत्र दहा मिनिटं थांबवलं आणि ते रजिस्टर पान पान वाचलं. मग स्पष्ट सांगितलं, पुरावा म्हणून हे उत्तम होतं, पण आता उपयोग नाही, कारण पुढच्या फेरीत शेवटच्या पाच वर्षांचीच माहिती लागणार आणि २०१९ त्यात बसत नाही. मला रडू आलं, खरंच. सरांचं पुढचं बोलणं मात्र मी वहीत उतरून घेतलं. म्हणाले, नव्या पद्धतीत डेटा एकदा भरला की तोच सगळीकडे वापरला जाणार, त्यामुळे नोंद त्या दिवशी, त्या जागी, जो काम करतोय त्यानेच करायची, वर्षाखेरीला आठवून नाही.

संध्याकाळी प्राचार्यांशी बोलले. आयक्यूएसीच्या पुढच्या बैठकीला मामा आणि ग्रंथालयातले परिचर दोघं निमंत्रित म्हणून बसणार आहेत. प्रत्येक विभागात एक रजिस्टर, रकाने मामांनीच आखायचे, तसे त्यांनी तीन आखूनही दिलेत. महापुराच्या रजिस्टरची ४० पानं काल स्कॅन झाली, पानं एकमेकांना चिकटलीत म्हणून पट्टीने हळूहळू सोडवावी लागतात, उरलेली सोमवारी करू.