तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हे नेमकं काय आहे?’

माझ्या एखाद्या दगडी शिल्पाभोवती दोन फेऱ्या झाल्या की हा प्रश्न येतोच. ‘तुम्हाला दिसेल ते,’ असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. उत्तर उद्धट आहे, आणि पळपुटंही.

कुणी फारच खोदून विचारलं, तर शिल्पकार ब्रांकुशीला पुढे करायचे. १९२६ साली अमेरिकन कस्टम्सनं त्याच्या ब्राँझच्या पक्ष्याला शिल्प मानलं नाही. पंख नाहीत, चोच नाही, मग लावा धातूच्या वस्तूवरचा ४० टक्के कर! १९२८ मध्ये कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. ही गोष्ट सांगून मी विचारणाऱ्याला कस्टम्सवाल्यांच्या रांगेत बसवायचे. तो बिचारा फक्त विचारत होता.

तर, ती काळ्या दगडातली आडवी ‘दरी’.

आई शेवटचे काही महिने अंथरुणावर होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचे. एक तळहात खांद्याखाली, दुसरा कमरेच्या हाडावर. हाडाच्या वर एक खळगा होता, दिवसेंदिवस खोल होत गेलेला. ती गेल्यावर दोनेक वर्षांनी हा दगड घेतला. डोक्यात डोंगरउतारच होता, शपथेवर सांगते. छिन्नीचं काम संपलं, पॉलिश पेपरनं घासताना हात एकाच जागी रेंगाळायचा. दगडाचा पोत छान लागलाय, एवढंच वाटलं.

प्रदर्शनात धाकट्या बहिणीनं त्या जागी हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“ताई, ही आई आहे.”

“दरी आहे. पाटी वाच.”

“आईला विकायला ठेवलंस?”

मी चिडले. सगळ्यांसमोर, नको ते बोलले. ती निघून गेली, मग मी तिथे हात ठेवला.

इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर लहानपणी आईची संधिवाताची पाठ चोळून द्यायचा. पुढे एका बसलेल्या स्त्रीचं शिल्प करताना, आपण नकळत तीच पाठ घडवतोय हे त्याला उमगलं. हे मी आधीच वाचलेलं होतं, शिकवलंही होतं. उपयोग शून्य.

पण मग ती दरी नव्हतीच का? होती. उतार पाहिलेला होता, पायांनी चढलेलाही. बहिणीला हे अजून पटत नाही. काही दिवस मलाही पटत नाही.

शिल्प विकलं. घेणाऱ्यानं विचारलंच, हे काय आहे?

मी म्हटलं, डोंगर.